भिंतीच्या आधाराने जिंकलेलं दशक

ऑरिन डेटवायलर पेशाने न्हावी. पण अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या त्याच्या गावात लोक त्याच्याकडे केसांपेक्षा बास्केटबॉलचे वाद मिटवायला जास्त येत. आसपासच्या आठ लहान कॉलेजांची मिळून एक कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या संघांचा गट, होती. ती कुठल्या साली किती तगडी होती, याबाबत ऑरिन म्हणेल ती पूर्व दिशा.

त्याची कसोटी एकच. "घरच्या मैदानावर कोणीही वाघ होतो. परक्या मैदानावर, कॉन्फरन्सबाहेरच्यांशी किती सामने जिंकलात ते बोला!" दर हिवाळ्यात नव्या पोरांना या कसोटीवर घासायचं आणि नाक मुरडायचं, हा त्याचा धर्म. खरी कॉन्फरन्स सत्तरच्या दशकातली. तेव्हा तो स्वतः खेळत होता, हे वेगळं सांगायला नकोच.

त्याच्याच संघात खेळलेला लाइल होस्टेटर आता व्हीलचेअरवर, वृद्धाश्रमात होता. दर मंगळवारी ऑरिन त्याची दाढी करायला जाई.

कॉन्फरन्सला पंच्याहत्तर वर्षं झाली तेव्हा स्मरणिका निघायची ठरली. सगळ्यांत तगडं दशक कोणतं, यावर एक पान ऑरिनने लिहायचं होतं. आता आपलंच दशक छापून येणार, ही बातमी लाइलने आश्रमातल्या प्रत्येक नर्सच्या कानावर घातली. बिचाऱ्याकडे मिरवायला दुसरं उरलं होतं काय?

अर्ध्या तासाचं काम म्हणून ऑरिन जुनी कात्रणं घेऊन बसला. त्यांचं सगळ्यांत गाजलेलं वर्ष शहात्तर. आठ कॉलेजांचे मिळून बाहेरच्यांशी एकतीस विजय. त्यांतले परक्या मैदानावरचे? तीन. बाकी सगळे घरी, आणि घर म्हणजे एकेका कॉलेजची जुनी, चिंचोळी जिम. बास्केटमागे दोन हातांवर विटांची भिंत. पाहुणी पोरं आपटायच्या भीतीने कचरायची, घरची पोरं त्याच भिंतीवर पाय रोवून उसळी घ्यायची. उरलेलं सबंध दशक चाळलं, तरी तीच रड. आताच्या पोरांना मोठी कॉलेजं आपल्या मैदानावर बोलावतात, स्वतः मात्र इकडे येत नाहीत. म्हणून आठ-आठ तास बसमध्ये अवघडून जायचं आणि तिथे जिंकायचं. यंदा असे चौदा विजय होते.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधता शोधता ऑरिनला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ कधी दिसलंच नव्हतं.

"तोंड का पाडून बसलायस?" बायकोने, डोरीनने विचारलं.

"आम्ही भुक्कड होतो गं."

"हे आज कळलं? लिहून टाक सत्तरच. कोण मोजायला बसलंय?"

"मी बसलोय ना!"

त्याने खरं तेच लिहिलं. छापून आल्यावर लाइलला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं, असं त्याने ठरवलं. मंगळवारी लाइलचा एक गाल करून झाला आणि ऑरिनचा धीर सुटला. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

लाइलने झालेल्या गालावरून हात फिरवला. मग म्हणाला, "त्या भिंतीवर माझे दोन दात पडले, ते कुठे धरलेस?"

"ते नाही धरले."

"नालायक आहेस." त्याचा आवाज खाली आला. "लेका, 'आता बघण्यासारखं काही राहिलं नाही' असं तूच म्हणायचास ना? तुझ्या शब्दावर मी बावीस वर्षं एकही सामना पाहिला नाही. पाय चालत होते रे तेव्हा माझे."

ऑरिनला हे कधी सुचलंही नव्हतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. "चुकलं माझं, लाइल," एवढंच तो बोलू शकला.

"चुकलंच. शनिवारी सामना आहे?"

"आहे. सात वाजता."

"मग साडेपाचला गाडी घेऊन ये. आणि त्या नर्सला सांग, माझं जेवण ठेवू नको म्हणावं." लाइलने फेसाने भरलेला दुसरा गाल पुढे केला. "आता हात चालव. चारचौघांत जायचंय मला."