जिथं नारळ फुटतो ती शीव

इंदुमतीताई शेडबाळे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागताना संपादक म्हणाले, "ताईंविषयी तुमच्या मनात पुष्कळ असेल." पुष्कळ आहे, पण त्यातलं बरंचसं गौरवग्रंथात शोभणारं नाही. मला ताईंचा हेवा वाटतो. पहिल्या भेटीत वाटला, आज हे लिहितानाही वाटतो आहे. वाचकांनी तो गृहीत धरून पुढं वाचावं.

ती पहिली भेट सांगलीत झाली. गावं, नगरं आणि औद्योगिक वसाहती यांच्या हद्दींविषयीचे जुने नियम आणि आदेश साफसूफ करण्यासाठी एक छोटी समिती नेमली होती. नवा कायदा करायचा नव्हता. कधीच रद्द झालेल्या कलमांचे उल्लेख, बंद पडलेल्या मंडळांची नावं, एकमेकींवर चढलेल्या हद्दी, असा साचलेला गाळ तेवढा उपसायचा होता. ताई समितीच्या प्रमुख होत्या आणि मी साताऱ्याहून आलेला वकील सदस्य. पहिल्याच बैठकीला मी एका जुन्या आदेशाचा नवा मसुदा मोठ्या डौलात वाचून दाखवला. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आप्पासाहेब, यातलं चिंचेचं झाड अजून आहे का?" मला काय ठाऊक! हद्दीची खूण म्हणून ते जुन्या आदेशात होतं, म्हणून मीही घेतलं होतं. ताईंनी तिथूनच तलाठ्यांना फोन लावला. चिंच कधीच गेली होती आणि त्या जागी पेट्रोल पंप उभा होता. सगळे हसले. ताई हसल्या नाहीत, त्यांनी पेन्सिलीनं ती ओळ खोडली आणि माझ्यासाठी चहा मागवला. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, रागवायला काही निमित्त तरी मिळालं असतं.

त्यांचं काम खोडण्याचं होतं आणि माझा पिंड भर घालण्याचा. जिथं मी तीन पोटकलमं लिहायचो, तिथं त्या एक शब्द उडवायच्या आणि भांडण मिटायचं. शिरवळकडे एका चहाच्या टपरीला ग्रामपंचायत कर मागत होती आणि औद्योगिक वसाहतही मागत होती. मी दोन्ही संस्थांचे अधिकार उलगडून सांगणारं सविस्तर टिपण तयार केलं. ताईंनी वसाहतीच्या हद्दीच्या वर्णनातून 'रस्त्यासह' हा एक शब्द काढायला सांगितला, आणि रस्त्याकडेची टपरी एकट्या ग्रामपंचायतीकडे राहिली. टपरीवाला समितीला पेढे घेऊन आला तेव्हा त्यानं खोका सरळ ताईंच्या हातात दिला. माझं टिपण आजही माझ्या कपाटात आहे आणि ते उत्तम आहे.

आता माझ्या खऱ्या दुखण्याकडे येतो. म्हसवडच्या पूर्वेला दोन ओढ्यांच्या मधल्या माळावर आमची वस्ती आहे. मेंढरं राखणारी आमची माणसं, आता बाजरी आणि डाळिंबंही करतात. मूळ गावाची दोन गावं झाली तेव्हा एका आदेशात लिहिलं गेलं की जुन्या गावाची हद्द पश्चिमेच्या ओढ्यापर्यंत, आणि दुसऱ्यात लिहिलं की नव्या गावाची हद्द पूर्वेच्या ओढ्यापासून पुढं. मधली वस्ती कुणाच्याच वाट्याला आली नाही. नळ मागायला जावं तर दोन्ही ग्रामपंचायती हात वर करायच्या. पोरं सैन्यभरतीला निघाली की रहिवासाचा दाखला कुणी द्यायचा, यावर रडकुंडीला यायची. हे निस्तरावं म्हणून तर मी वकील झालो. निदान वस्तीवर सगळे तसंच म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

वस्तीची स्वतंत्र ग्रामपंचायत करावी, असा जाडजूड प्रस्ताव मी समितीपुढं ठेवला. ताईंनी तो पूर्ण वाचला, हे मी मान्य करतो. मग म्हणाल्या, "लोकसंख्येत बसत नाही हो. कुठल्या तरी एका गावातच घालावी लागेल. वस्तीला कुठलं गाव आपलं वाटतं?" याच प्रश्नावर वस्तीत दोन तट होते. निम्म्यांना नवं गाव जवळचं वाटायचं, तिथं डांबरी रस्ता होता. मी तसं सांगितलं, तर ताई म्हणाल्या, "चला, जाऊनच येऊ."

देवळापुढं माणसं जमली आणि लगेच वादाला तोंड फुटलं. ताईंनी थोडा वेळ ऐकलं आणि मग माझ्या चुलतीकडे वळून विचारलं, "आजी, तुमच्याकडं लग्नाला नवरदेव येतो, तेव्हा शिवेवर नारळ ओवाळून टाकता ना? गाडी कुठं थांबवता?"

"त्या पूर्वेच्या वड्याला, आवं बाई."

"आणि पश्चिमेकडनं आला तर?"

"तवा जुन्या गावाच्या पल्याड, तितल्या माळाच्या टोकाला. ह्या हितल्या वड्याला कशाला थांबवू? हितनं तितवर समदं आमचंच की!"

नव्या गावाच्या बाजूनं सगळ्यात जास्त ओरडणारा माझा चुलतभाऊच म्हणाला, "व्हय गड्या, खरं हाय. मी नवरी घिऊन आलो तवा माजा नारळ बी जुन्या गावाच्या पल्याडच फुटला." वाद तिथंच संपला. पश्चिमेचा ओढा आमची शीव कधी नव्हताच. वस्ती जुन्या गावाचीच होती.

मला काय वाटलं ते स्पष्ट लिहितो. मी त्या वस्तीत जन्मलो. चुलत बहिणींच्या लग्नांत पूर्वेच्या ओढ्यावर मी स्वतः नारळ ओवाळून फोडले आहेत. एवढा साधा प्रश्न मला सुचू नये आणि सांगलीच्या बाईंना सुचावा! परतीच्या वाटेवर गाडीत मी डोळ्यांवर रुमाल टाकून बसलो. ताईंना वाटलं मला ऊन लागलं, म्हणून त्यांनी त्यांच्याजवळचं ताक मला पाजलं.

यथावकाश हरकती मागवल्या गेल्या, ग्रामसभा झाल्या आणि आदेश निघाला. त्यात 'पश्चिमेच्या' हा शब्द खोडून 'पूर्वेच्या' हा शब्द घातला होता, बाकी आदेश होता तसाच.

ताईंच्या प्रेमळपणाविषयीही लिहायला हवं, कारण त्यातूनही माझी सुटका नाही. सौभाग्यवती सांगलीला दवाखान्यात होत्या तेव्हा ताईंच्या घरून रोज डबा यायचा. तेव्हापासून आमच्या घरात आमटी कशीही झाली तरी "ताईंच्या हातची चव नाही" हे ऐकावं लागतं. कार्यालय गेलं, वस्ती गेली, आता स्वयंपाकघरही गेलं.

आदेशानंतर वस्तीनं पूर्वेच्या ओढ्यावर गावाच्या नावाची पाटी लावायचं ठरवलं. पहिलं बोलावणं अर्थातच सांगलीला गेलं. ताईंनी निरोप धाडला, "नारळ आप्पासाहेबांनी फोडावा. शीव त्यांची आहे." मी फोडला. टाळ्या झाल्या, पण वाजवणाऱ्यांची नजर रस्त्याकडं होती, बाईंची गाडी येतेय का म्हणून. चुलतीनं खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा पदराच्या टोकात बांधून घेतला. मला वाटलं, माझ्यासाठीच. निघताना तो माझ्या हातात देत म्हणाली, "सांगलीला जाशील तवा बाईस्नी दे. वाटंत खाऊ नगंस." मी तो सांगलीला पोचवला. ताईंनी त्याचे दोन भाग केले आणि मोठा मला दिला. अशा माणसाशी कुणी स्पर्धा तरी कशी करावी?

इंदुमतीताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांची पेन्सिल कधी बोथट न होवो, आणि मला हेवा वाटण्याजोगं त्यांनी अजून पुष्कळ करून ठेवावं. मागणं एकच आहे. पाटी लागल्यापासून ताई वस्तीवर आलेल्या नाहीत. एकदा याव्यात. त्यांची गाडी पूर्वेच्या ओढ्यावर थांबेल तेव्हा ओवाळून टाकायचा नारळ माझ्या हातात असेल. त्या दिवशी त्या नारळाला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.