छावनीचा वड आणि काकांची बंडी

ग्वाल्हेरला निघालात तर किल्ला पाहा, सकाळी बेढई-जिलेबी खा. मी मात्र माझी जुनी फेरी सांगते. किल्ल्याचं वर्णन त्यात नाही, संताप आहे.

इंग्रजीत वडाला बनियन म्हणतात आणि पुढून बंदांनी बांधायच्या सैल बंडीलाही. गुजराती बनिये वडाखाली बाजार मांडत, तसली बंडी घालत, म्हणून दोघांना त्यांचं नाव पडलं म्हणे. मला दोन्ही भेटले १९५६ च्या उन्हाळ्यात. मध्यभारत राज्य मोडणार, राजधानी भोपाळला जाणार, असं सगळे म्हणत होते. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, कचेरीत कारकून. त्यांची बदली ठरल्यातच जमा होती. "आपल्या वडाची ही शेवटची पूजा, तू ये," असं मावशीनं कळवलं आणि मी पुण्याहून निघाले.

मुंबईहून मेल, शिदोरीला दशम्या. स्टेशनवरून मावशीच्या वस्तीपर्यंत, शिंदे की छावनीपर्यंत, टांगा केला. आता ऑटो मिळते. लूच्या झळा अशा की डोक्यावर ओला पंचा हवाच.

रस्ता रुंद करायला नाक्यावरचा वड तोडायचा होता. काका रस्त्याच्या कामावरच्या साहेबांना भेटले होते. पूजा होईपर्यंत थांबू, असा शब्द साहेबांनी दिला होता.

वटपौर्णिमेच्या आदल्या सकाळी कुऱ्हाडी ऐकू आल्या. मावशी अनवाणी धावली. निम्मा वड आडवा झाला होता.

"बाईसाब, पूजा तो हो गई ना!" मुकादम म्हणाला. "अमावस को सब औरतें आई थीं, तब हमने हाथ नहीं लगाया।"

तिकडच्या बायका वड पुजतात अमावास्येला, आपल्या पंधरा दिवसांनी पौर्णिमेला. एकाच झाडाला दोन्ही सुतं.

"कुठली पूजा, ते सांगितलं नाहीत?" मावशीनं काकांना विचारलं.

"अगं, दोन होतात हे इथे सगळ्यांना मालूम आहे!"

"सगळ्यांना? साहेब कालचा आलेला! हद्द झाली तुमची."

आणि साहेबांनी तरी विचारायला नको? एक दिवस थांबले असते तर काय आभाळ कोसळणार होतं?

दुसऱ्या दिवशी मावशीनं पूजेचं ताट घेतलं आणि काकांना अंगणात उभं केलं. "हलायचं नाही." त्यांच्या सैल बंडीभोवती ती सूत गुंडाळत फिरू लागली. बंडी चुरगळत गेली. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

पुण्याला परतले ती धुमसतच. पुढे मावशी माहेरपणाला आली तेव्हा मी रस्त्याचं विचारलं. झाला म्हणाली, चांगला ऐसपैस झाला. त्यावरून कचेरीची कपाटं भरलेले ट्रक भोपाळला गेले, आणि त्यांच्या मागून धूळ खात मावशी-काकांचा टांगा स्टेशनकडे.