बारा मारकर

कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यात पेमाबद्दल पहिला संशय उठला तो त्याच्या उजव्या हातावरून. डावा हात चारचौघांसारखा, आणि उजवं मनगट मात्र खुंट्यासारखं जाड. सिकंदराबादला एका क्लबात नोकरी आहे, असं तो सांगे. पण नोकरीनं माणसाचे दोन्ही हात सारखेच झिजायला हवेत, असं बायकांचं म्हणणं. विहिरीवर कुणीतरी त्याच्या बायकोला, जिवनबाईला, विचारायचंच, "तुझा नवरा एका हातानं काय करून राहिला गं तिथं?"

जिवनबाईला धड सांगता यायचं नाही. बत्तीस साली लग्न झालं आणि त्याच वर्षी तो हिंगोलीहून आगगाडीत बसला. मग दिवाळीला आणि होळीला काय येईल तेवढाच. त्यानं सांगितलेलं लोकांना सांगताना तिचा स्वतःचाच आवाज बारीक व्हायचा. चार भिंतींची एक खोली असते. दोन माणसं आत जातात, दार लावून घेतात आणि समोरच्या भिंतीवर आळीपाळीनं रबराचा चेंडू मारतात. ज्याला तो परत मारता येत नाही त्याचा एक गुण गेला.

"दार लावून?" शेजारची जमनाबाई डोळे बारीक करायची. "मग बगतं कोन?"

"वरून बगतात म्हणे. सज्ज्यातून."

"आन् याचा पगार देतात? बाई, एवढं खोटं बोलायलाबी छाती लागती."

खरं तर त्यानं एक अक्षर खोटं सांगितलेलं नव्हतं. तो क्लबात लागला तो स्क्वॉशच्या कोर्टाची फरशी पुसायला. एखाद्या साहेबाला जोडीदार नसला की कुणीतरी समोर उभं राहायला लागे. तसा तो उभा राहत गेला आणि खेळ शिकला. गुण मोठ्यानं पुकारायला शिकला, बॅटीची तुटलेली तात ओवायला शिकला. ही सगळी कामं करणाऱ्याला तिथं मार्कर म्हणत. मुंबईत वर्षातून एकदा ठिकठिकाणच्या मार्करांचे सामने होत. बेचाळीस साली पेमा त्यात पहिला आला. पुढच्या वर्षी आला, आणि पंचेचाळीसलाही आला. चषक क्लबाच्या काचेच्या कपाटात राहिले. पेमाला मिळाली क्लबानं दिलेली पहिल्या वर्षीची एक सनद, उर्दूत लिहिलेली.

अठ्ठेचाळीस साली साहेबलोक निघून गेले, क्लबाला कुलूप लागलं आणि दिवाळीनंतर पेमा दोन बॅटी, चार चेंडू आणि ती सनद घेऊन कायमचा घरी आला.

वेळ वाईट होती. रझाकारांचे दिवस नुकतेच सरले होते. कोण कुणाच्या बाजूला होतं, कुणाचं नाव कुणी सांगितलं, याचीच कुजबुज गावोगाव चालू होती. शहरातून आलेल्या माणसाला पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न मिळे. तांड्याचा नाईक पुनमचंद शांत माणूस, पण त्यानंही पेमाला बोलावून घेतलं. "सोळा वरसं तिकडं काय केलंस, कागद हाय का काही?"

पेमानं मोठ्या हौसेनं सनद पुढं केली.

वाचायला पटवारी व्यंकटराव होते. त्यांचं उर्दू शेतसाऱ्यापुरतं. बांध, गट, वल्द, एवढ्या शब्दांवर त्यांची गाडी चाले. बाकीची बारीक अक्षरं ते सोडून द्यायचे.

"पेमा वल्द हरचंद," त्यांनी वाचलं. मग कागद नाकापासून लांब धरला. "बारा... मारकर... अव्वल."

"म्हंजी?"

"म्हणजे..." व्यंकटरावांचा आवाज उतरला. "बारा जणांना मारून पहिला."

उर्दूत मार्कर लिहा की मारकर, अक्षरं तीच. बारा मार्करांत पहिला, एवढंच कागद सांगत होता.

"नाईक, मार्कर म्हंजी गुण मोजणारा," पेमा घाईनं म्हणाला.

"मोजणारा पयला कसा येईल रे? पयला येनार खेळनारा."

"मोजणाराच खेळतो तिथं."

"आन् मारतो काय?"

"चेंडू."

यावर कुणीतरी हसलं, पण ते हसू चांगलं नव्हतं. बातमी दोन दिवसांत जिवनबाईच्या माहेरी, गोरेगावकडच्या तांड्यात पोचली आणि तिसऱ्या दिवशी तिचा थोरला भाऊ रूपसिंग बैलगाडी घेऊन दारात हजर झाला. धिप्पाड गडी, आखाड्यात नाव असलेला.

"जिवने, गाठोडं बांध. मारेकऱ्याच्या घरी माझी बहीन ऱ्हानार न्हाई."

जिवनबाईनं गाठोडं बांधलं. नवऱ्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण विश्वास ठेवायला तिच्या हाती तरी काय होतं? वर्षातले पंधरा-वीस दिवस, आणि एक जाड मनगट.

पंचांत बोलणं झालं. नाईक म्हणाला, "उद्या सकाळी तो खेळ दाखव. खरा निघाला तर बाई तुझी. न्हाई तर काडीमोड, आन् तूबी तांडा सोडायचा."

नाक्याशेजारी एक पडीक गोदाम होतं. छप्पर उडालेलं, तीन भिंती चुन्याच्या, खाली शहाबादी फरशी. सकाळी सगळा तांडा चौथ्या बाजूला येऊन बसला. गाडी जुंपलेलीच होती, गाठोडं तिच्यात चढवलेलं होतं.

"एकट्याच्या हातात काय करामत असंल कोनाला ठावं," रूपसिंग म्हणाला. "मी खेळतो. दे ती चाळणी."

पेमानं त्याला बॅट कशी धरायची ते दाखवलं. नऊ गुणांचा डाव ठरला. रूपसिंगनं पहिले दोन-तीन चेंडू आभाळात घातले, पण मग त्याला जमायला लागलं. पेमा गुण पुकारत होता, रूपसिंगचा गुण झाला की जरा जास्तच मोठ्यानं. शेवटी रूपसिंग नऊ, पेमा सात.

हशा उसळला. "तीनदा पयला म्हणे! आमच्या पैलवानाला पुरा पडंना!" जमनाबाईनं तर कपाळालाच हात लावला. नाईक उठला, धोतर झटकलं. "पेमा, झालं ना समाधान?"

रूपसिंग बैलांकडे वळला. जिवनबाई जागची हलली नाही. पुढं ती विहिरीवर बायकांना सांगायची, "बाई, समदे चेंडू बगत व्हते. मी पाय बगत व्हते."

"भाऊ," ती म्हणाली, "तुला घाम काहून न्हाई आला?"

"काय?"

"तू एका फरशीवरून हलला न्हाईस. चेंडूच तुझ्यापाशी येऊन राहिला." मग ती नवऱ्याकडे वळली. चारचौघांत ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. "तुमी हरलात, का हरून दिलंत?"

पेमा फरशीकडे बघत राहिला. "सवय हाय," तो पुटपुटला. "साहेबाला रडवायचं नसतं. थोडं जिंकू द्यायचं. दुसऱ्या दिवशी परत यायला पाहिजे ना त्यो. आन् हे तर तुझे थोरले भाऊ."

"भावाच्या मानापायी बायको द्यायला निघालात व्हय?"

पेमानं मान वर केली.

"आता माझ्यासाठी खेळा," ती म्हणाली.

दुसऱ्या डावात तांड्यानं जे पाहिलं ते याआधी सिकंदराबाद-मुंबईच्या सज्ज्यांतूनच काय ते दिसलं असेल. चेंडू भिंतीला चिकटून मागं जायचा आणि कोपऱ्यात मरून पडायचा. रूपसिंग मागं धावला की तो पुढं, पुढं आला की डोक्यावरून मागं. पेमा मधोमध उभा, दोन पावलांच्या पलीकडे जातच नव्हता. रूपसिंगचं पागोटं सुटलं, गुडघा सोलला. नऊ गुणांत त्याची बॅट चेंडूला दोनदा लागली. पेमाचा आवाज या वेळी सपाट होता. आठ, शून्य. नऊ, शून्य.

रूपसिंग धापा टाकत फरशीवरच बसला.

"असे बारा व्हते?" नाईकानं विचारलं.

"व्हय नाईक. माझ्यासारखेच."

"मी तेच तर वाचलं होतं," व्यंकटराव म्हणाले.

गाठोडं खाली उतरलं. रूपसिंग जेवायला थांबला, पण ताटावरही त्याची कुरकुर चालूच होती, की चेंडूत काहीतरी भरलेलं असणार. रिकामी गाडी घेऊन तो गेला, तेव्हा जिवनबाई त्याला नाक्यापर्यंत पोचवून आली. पेमा अंगणात बसला होता. त्याला वाटलं, आता ती दोन शब्द चांगले बोलेल.

ती समोर उभी राहिली. "दिवाळीला यायचात, होळीला यायचात. दर येळेला आपलं भांडण व्हायचं, आन् दर येळेला तुमी म्हनायचात, बराबर, तुझंच खरं."

पेमानं मान हलवली.

"त्यातलं माझं खरोखर खरं किती व्हतं?"

त्यानं विचार केला. "निम्मं," तो म्हणाला.

ती चुलीकडे जाता जाता थबकली. निम्मं. बाईमाणसाला रागही येऊ नये आणि चढूनही बसू नये, असं बेतून हातात आणून ठेवलेलं उत्तर. तिनं मागं वळून त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"अन् हे?" ती म्हणाली. "हे खेळून राहिलात, का देऊन राहिलात?"