पाहुण्याचं खाणं

कापूस घरात ठेवून भाव वाढायची वाट पाहायची, ती वर्षं होती. त्या हिवाळ्यात आमची समोरची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरली होती आणि मी, हे आणि आत्याबाई असे तिघंही मागच्या खोलीत राहत होतो. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मूलबाळ नाही. त्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

दिवाळी झाल्यावर नणंद वणीहून आली, तेव्हा तिच्या मुलीच्या हातात बुटांचा खोका होता. खोक्यात गिनीपिग. मुलीच्या वाढदिवसाला घेतलेला. घरमालक कटकट करत होता म्हणून आमच्याकडे ठेवायला आणला होता. तांबडा-पांढरा, कानांची पाती कागदासारखी पातळ. मी त्याला उचललं तर हातात नुसती हाडं लागली.

"मामी, आम्ही त्याला बिस्किटं दिली, पोळी दिली, म्हणून तो असा झाला," भाची म्हणाली. "त्याला गवत द्यायचं. हिरवा पाला द्यायचा. रोज पेरूची एक फोड. पेरू नसेल तर कोथिंबीर. आणि पाणी स्वच्छ."

एवढीशी पोर, पण माझ्याकडे पाहून, मला समजतं आहे ना याची खात्री करत सांगत होती. मी चौथी शिकलेली. मला कोणी काही समजावून सांगत नाही, काम सांगतात. म्हणून तिचं सगळं बोलणं मी मनात बसवून घेतलं. उन्हाळ्यात त्यांचं स्वतःचं घर होणार होतं. "तेव्हा मी याला न्यायला येते," ती म्हणाली. "तोवर जाड कर हं, मामी."

आत्याबाई खाटेवरून पाहत होत्या. "काय व माय," त्या लेकीला म्हणाल्या, "इथं उंदीर कमी होते का, त तू वणीहून बिनशेपटीचा आणला?"

दुसऱ्या दिवसापासून मी गवताच्या मागे लागले. शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत आणायचं नाही, हे मी आधीच ठरवलं. बोंडअळीपायी त्या वर्षी फवारणी संपतच नव्हती. पंप पाठीवर घेऊन हे शेतातून आले की कपड्यांचा वास दारापर्यंत यायचा. त्या शिवारातला पाला एवढ्याशा जिवाला कसा घालणार? शाळेच्या मागे हापशाचं पाणी वाहून जातं, तिथे हरळी चांगली होते. पाण्याला आलेल्या बायका हसायच्या. एक म्हणाली, "वैनी, बकरी घेतली का?" मी मान हलवली. हो म्हटलं की नाही म्हटलं, माझं मलाच कळलं नाही. घरी आणून गवत धुवायचं, सावलीत पसरायचं, मग त्याला घालायचं. परसातली मेथी, कोथिंबीर. बाजाराच्या दिवशी पेरू.

"माणसाले पेरू भेटत नाही, अन् उंदराले फोडी करून राह्यली," आत्याबाई म्हणायच्या. त्यांचं माझ्याशी बोलणं असंच असायचं, पाठीमागून, भांड्यांना ऐकवल्यासारखं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आम्ही दोघी समोरासमोर बसून कधी बोललो नव्हतो. दोष कोणाचा नव्हता. त्यांचा आवाज मोठा आणि माझा आवाज निघत नाही.

तो वाढतो आहे की नाही ते कळायला वजन करायला हवं होतं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी त्याला पिशवीत घालून किराणा दुकानात नेलं. पहिल्यांदा दुसऱ्या पारड्यात अर्ध्या किलोचं माप ठेवलं, तर हा वरच्या वर.

"वैनी, इकाले आणला का मापाले?" दुकानदार म्हणाला. मी पदर ओढून घेतला. पण तो माणूस चांगला होता. पुढच्या बाजारानंतर गेले तर स्वतःच म्हणाला, "आणा पाहुणा, ठेवा पारड्यात." आणखी काही दिवसांनी दोन्ही पारडी बरोबर आली. मग एकदा पाहुण्याचं पारडं खाली गेलं आणि दुकानदारानं मापाशेजारी एक आलू ठेवला. मी घरी आले तेव्हा तोंडावर हसू असावं.

"काहून हासून राह्यली?" आत्याबाईंनी विचारलं.

"आलूभर वाढला," मी म्हटलं.

"पाहू," त्या म्हणाल्या. आणि हात पुढे केला.

त्या दिवसापासून तो त्यांचा झाला. दुकानदारानं दिलेलं पाहुणा हे नाव त्यांनीच घरात चालू ठेवलं. आत्याबाईंना जनावराचा हात होता. गावात कोणाचं वासरू अशक्त झालं, दूध ओढेनासं झालं, की माणसं त्यांना बोलवायला यायची. त्या रोज दुपारी अंगणात उन्हाला बसून वाती करत. कापसाचं बोंड घ्यायचं, आतलं बी, सरकी, काढून टाकायची, कापूस पिंजून मांडीवर वळायचा. सरकी त्यांच्या ओच्यात जमायची. पाहुणा त्यांच्या मांडीला टेकून बसायचा. मी समोर बसून तुरीच्या शेंगा सोलायची आणि आम्ही बोलायचो. त्या मला त्यांच्या माहेरची नदी सांगायच्या, त्यांची पहिली म्हैस सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "तू बोलते बरी व. मले वाटे, मुकीच केली का काय पोरानं."

एका दुपारी त्यांनी ओच्यातली सरकी दातानं फोडून त्याला दिली. त्यानं खाल्ली.

"पाह्य, कसा खाते! गवतानं कुठं अंग भरते का? याले सरकीच पाहिजे."

मलाही ते पटलं. म्हशीला सरकी घातली की दूध वाढतं, बैलाला सरकीची ढेप घातली की कातडी चमकते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. भाचीनं सरकीचं नाव घेतलं नव्हतं, पण शहरात वाढलेल्या मुलीला सरकी कुठून माहीत असणार? मग रोज दुपारी आत्याबाई त्याला सरकी फोडून देत आणि तो गेला नाही तर हाका मारत. मी गवत, पाला, पेरू चालूच ठेवलं.

संक्रांत झाली. दुकानदारानं आलू काढून घेतला. मग माप बरोबर राहिलं नाही, पारडं पुन्हा वर गेलं. तो पेरूची फोड नुसती हुंगायचा. श्वास घेताना त्याच्या दोन्ही कुशी आत जायच्या, जणू धावून आला आहे. आत्याबाई त्याला आणखी सरकी देऊ लागल्या. मी रोज गवत बदलत होते. मला वाटलं, हापशाजवळ कोणी फवाऱ्याचा पंप धुतला असेल. मी तिथली हरळी सोडून आणखी लांब जाऊ लागले.

मी ह्यांना म्हटलं, मुकुटबनला जनावरांचा डॉक्टर येतो, त्याला दाखवू.

"उंदराले घेऊन? लोक काय म्हणतीन?"

 पिशवी घेऊन गाडीजवळ उभी राहिले. हे थोडा वेळ घरात फिरले, मग चावी घेऊन आले.

डॉक्टरनं त्याला कान लावून पाहिलं. काय खातो, विचारलं. माझा आवाज निघेना, म्हणून ह्यांनीच सांगितलं. गवत, पाला, पेरू, सरकी.

"सरकी? किती दिवसांपासून?"

"रोज देते आमची आई. ताकदीसाठी."

"सरकीत विष असते, भाऊ. गायी-म्हशी पचवतात. याच्यासारख्याले नाही पचत. छातीत पाणी भरते."

"म्हंजे फवाऱ्याचं?"

"फवाऱ्याचं नाही. सरकीच्या आतलंच. जन्मतःच असते." त्यांनी सुई दिली. सरकी बंद करा म्हणाले, आणि पुढचं काही सांगता येत नाही म्हणाले.

परत येताना हे गाडी हळू चालवत होते. गाव दिसू लागलं तेव्हा मी त्यांच्या पाठीला हात लावला. "आत्याबाईले नका सांगू," मी म्हटलं. ह्यांना मी आजवर कधी काही करा-नका म्हटलं नव्हतं. त्यांनी मान हलवली.

कसं सांगणार? त्यांचा हात लागला की जनावर उठतं, असं सगळं गाव म्हणायचं. त्यांच्याजवळ तेवढंच होतं.

आत्याबाई दारातच उभ्या होत्या. "काय बोलला डाक्टर?"

"पोट बिघडलं म्हणे. दोन दिवस कोरडं काही द्यायचं नाही."

"मंग सरकी?"

"सरकी पण नाही."

"त्याले काय समजते! अशक्त जिवाले उपाशी ठेवते का कोणी?" असं म्हणत त्या खोक्याजवळ बसल्या. मुठीत सरकी होती. मी खोका उचलला आणि चुलीजवळ माझ्यापाशी घेऊन बसले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी तो खोका सोडला नाही. त्या आल्या की मी आडवा हात धरायची. "थोडीशी देऊ दे व," त्या म्हणायच्या. आधी रागानं, नंतर विनवल्यासारखं. मी मान हलवायची. तो काहीच खात नव्हता. मी बोटानं पाणी ओठाला लावायची, ते गळून पडायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या कुशी हलत नव्हत्या.

आत्याबाईंनी त्याला हातात घेतलं. उलटून पाहिलं. त्याच्या बरगड्यांवरून अंगठा फिरवला, जसा त्या वासराच्या फिरवत.

"पोटात काहीच नाही याच्या," त्या म्हणाल्या. "उपाशी मारला. मी म्हणून राह्यलती, देऊ दे, देऊ दे. हात धरला तू माझा."

हे दारात उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते शेतात निघून गेले.

खड्डा आत्याबाईंनीच खणला. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाल्या, "तू नको हात लावू."

पुढच्या दुपारी त्या वाती करायला घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसल्या. मी अंगणात एकटी होते. आता त्यांचं बोलणं पाठीमागूनसुद्धा येत नाही. त्यांना वाचता येत नाही, म्हणून हे इथे लिहिता येतं आहे.

चार-आठ दिवसांनी नणंदेचा फोन आला. आत्याबाई खाटेवर बसून मोठ्यानं बोलत होत्या. शेवटी त्यांनी फोन माझ्याकडे धरला, माझ्याकडे न बघता. "पोर इचारते," म्हणाल्या, आणि तिथेच बसून राहिल्या.

भाची रडत नव्हती. तिचा आवाज फक्त बारीक झाला होता.

"मामी, आजी म्हणते तू त्याला खायला नाही दिलं. खरं आहे का?"

आत्याबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"हो बेटा," मी म्हटलं. "नाही दिलं."