सात पावलं

बाजारात आईचा नियम सात पावलांचा होता. भाव पटला नाही की वस्तू खाली ठेवायची, तोंड वाकडं करायचं नाही, मागं बघायचं नाही आणि सात पावलं चालायची. विकायची गरज असेल तर दुकानदार सातच्या आत हाक मारतो. नाही मारली, तर त्याने सांगितलेला भाव खरा होता असं समजायचं आणि परत जायचं नाही. परत गेलं की आपली किंमत उतरते. धारच्या हाटात तिचं बोट धरून मी ही सात पावलं कितीतरी वेळा चालले. चौथ्या-पाचव्या पावलाला मागून "ओ बेनजी, सुनो तो" असं आलं की ती माझा हात जरासा दाबायची. चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही.

आमचे आजोबा संस्थानाच्या दफ्तरात होते. संस्थान गेलं, दफ्तर गेलं, घरात उरलं ते "आपल्याकडे असं करत नाहीत" हे वाक्य. माझा थोरला भाऊ शाळेत मास्तर झाला आणि वडिलांनंतर ते वाक्य त्याच्याकडे आलं. भाव करणंही त्या "असं"मध्ये बसत होतं, पण आई हळू आवाजात करायची म्हणून खपून जायचं. मी मोठ्याने करते.

माझं लग्न देवासला झालं. नवरा महाराष्ट्रातून कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेला. नव्वदच्या दशकात कारखान्याला कुलूप लागलं आणि तो घरात बसला. बसला म्हणजे अक्षरशः बसला. तेव्हा मी धारपलीकडच्या बाग गावी जाऊन लाकडी ठशांनी छापलेल्या साड्या आणि ओढण्या आणायला लागले. आधी क्वार्टर्समधल्या बायकांना विकल्या, मग सोनकच्छ, खातेगाव, जिथं बस जाईल तिथं. कुणी शिकवलं नाही, कुणी भांडवल दिलं नाही. छपाईवाल्याशी भांडून माल घ्यायचा आणि गिऱ्हाइकाशी भांडून विकायचा, एवढंच मला येत होतं. त्यावर घर चाललं, लेकीचं शिक्षण झालं.

बागहून परतताना धार लागतं. एकदा शेवटची बस चुकली म्हणून डोक्यावर गाठोडं घेऊन मी माहेरी गेले. पुढच्या खोलीत देवस्थानाच्या कामाची चार माणसं बसली होती. दादाने मला उंबऱ्यावरच पाहिलं. तो उठून जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "हे मागच्या दाराने आण. लोक बसलेत."

मी म्हणाले, "मी या घरात पुढच्या दाराने आले होते दादा, आईच्या कुशीत." हे मात्र दबक्या आवाजात म्हणाले नाही. खोलीतली माणसं वळून बघायला लागली. आई आतल्या चौकटीत उभी होती. मी डोक्यावरचं गाठोडं सावरलं आणि निघाले.

मुद्दाम हळू चालले. सात झाली, दहा झाली, कोपऱ्यावरचा नळ आला. तिथं मी गाठोडं उतरवून पाणी प्यायले. तहान नव्हती.

ती रात्र एका ओळखीच्या गिऱ्हाइकाकडे काढली आणि सकाळच्या बसने देवासला आले. त्यानंतर दहा-अकरा वर्षं मी त्या घरी गेले नाही. भाऊबीजेला पहिल्या वर्षी दादाने टपालाने साडी पाठवली, ती मी तशीच परत केली. पुन्हा त्याने पाठवली नाही. आईशी बोलणं रविवारी शेजाऱ्यांच्या फोनवर, पुढे घरच्या फोनवर. माझं मागणं मोठं नव्हतं. त्याने एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणावं, घरी ये, आणि पुढच्या दाराने ये. माफी नको होती. मी धंद्यातली बाई आहे, माफीचं काय करू.

मग एका रविवारी आई फोनवर म्हणाली की इंदूर ओलांडून धारच्या रस्त्यावर ते नवीन झालंय ना, पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्यांचं, राहायच्या खोल्या, मोठा बाजार, तिथं सगळे मिळून जाऊ. वहिनीने काढलेली कल्पना होती. धार नाही, देवास नाही, मधलं ठिकाण. मग आईने आवाज खाली आणला. "ये तू. दादा बोलणार आहे तुझ्याशी. मला म्हणालाय तसं."

नवरा म्हणाला, तुमचा मामला तुम्हीच बघा, आणि आला नाही. मी एकटी दोन बस बदलून गेले.

फाटकाशी चौघं उभी होती. आई काठी घेऊन, वाकलेली. दादाचे केस पांढरे झाले होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी, आणि त्यांची मुलगी, जिला मी कडेवरची पाहिली होती ती आता तेरा वर्षांची. तिने वाकून नमस्कार केला आणि वहिनीकडे बघून हिंदीत विचारलं, यही हैं आत्या? दादा म्हणाला, "प्रवास ठीक झाला ना." मी म्हणाले, झाला. मग आम्ही आत गेलो.

आईला पाळण्यात बसता येणार नव्हतं आणि मला बसायचं नव्हतं, म्हणून सगळी बाजारातूनच फिरलो. तो बाजार म्हणजे एक लांब गल्ली. दोन्ही बाजूंना जुन्या हवेल्यांसारखे दर्शनी भाग, जवळ जाऊन ठोकलं तर पोकळ वाजणारे. शेवटी एक किल्ला उभा केलेला, रंगवलेल्या दगडांचा. वहिनी त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढून घेत होती. मी म्हटलं, वहिनी, खरा किल्ला तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. वहिनी म्हणाली, "तिथं कोण जातं हो वन्सं, नुसतं ऊन." सगळे हसले, दादासुद्धा. मला वाटलं, आता बोलेल. तो पुढे जाऊन कुलुपांच्या दुकानातली पितळी कुलपं बघायला लागला.

त्या गल्लीत लोक विकत घ्यायला आलेले नव्हते, चालायला आलेले होते. एक बाप खांद्यावर मूल घेऊन तिसऱ्यांदा आमच्या समोरून गेला. बायका वस्तू उचलायच्या, चिठ्ठीवरचा आकडा बघायच्या, ठेवायच्या. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. मला तो शांतपणा सोसवेना.

कापडाच्या दुकानापाशी आई थांबली. बाहेर लाकडी घोड्यावर एक साडी टाकली होती, मळकट पांढऱ्यावर लाल आणि काळी वेल, बागच्या धर्तीची. आई तिच्यावरून हात फिरवत राहिली. गेल्या कित्येक वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. ती मला म्हणाली, "तू असल्याच विकतेस ना? मी तुझी एकही नेसले नाही बघ."

हे खरं होतं. मी गावोगावच्या बायकांना नेसवल्या आणि आईला एकही दिली नव्हती, कारण ती त्या घरात होती.

दुकानात माझ्याच वयाचा माणूस होता, डोक्याला भाड्याचा असावा तसा फेटा. मी भाव विचारला. त्याने चिठ्ठी दाखवली. मी म्हटलं, "भिया, मैं खुद यही काम करती हूँ, ठीक-ठीक लगा लो." तो म्हणाला, भाव कंपनीचा आहे, मशीनमध्ये भरलेला, माझ्या हातात काही नाही. मी म्हटलं, मग मालकाला बोलवा. मालक मुंबईला असतो म्हणाला. मी सूत किती नंबरचं ते विचारलं, कुठून आणलं ते विचारलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्याची लाजही नव्हती. माझा आवाज चढला. भाची माझी बाही ओढून म्हणाली, "आत्या, यहाँ मोलभाव नहीं होता, टॅग लगा है."

दादा म्हणाला, "अगं, लोक बघतायत."

तेच दोन शब्दांचं वाक्य, फक्त "बसलेत"च्या जागी "बघतायत". इतक्या वर्षांत झिजलंही नव्हतं. मी साडी घोड्यावर ठेवली आणि म्हणाले, "चल आई."

आईला कळलं. तिने काठी पुढे टाकली. आम्ही दोघी निघालो, एक, दोन, तिच्या गतीने. चौथ्या पावलाला तिने माझ्याकडे न बघता माझा हात दाबला. सत्तरी उलटलेली बाई, पण हसू दाबताना हाटातली दिसली. सातवं पाऊल झालं. आम्ही थांबलो. मी मागं पाहिलं, हेही नियमाबाहेर होतं. फेटेवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाची पिशवी भरत होता. आम्ही गेलो हेही त्याला कळलं नव्हतं.

"यांना हा खेळ येत नाही गं," आई म्हणाली. मग जरा संकोचून, "परत जाऊन घ्यायची का?"

मी म्हणाले, "नियम तुझाच आहे."

ती चालायला लागली. आज मला त्या उत्तराचा राग येतो.

आम्ही भुट्ट्याचा कीस खायला बसलो. दादा कुठे दिसेना. वहिनी मला माझ्या लेकीच्या लग्नाचं विचारत होती आणि मी दादाची वाट बघत होते. तो आला तो हातात कागदी पिशवी घेऊन. आईपुढे ठेवली. आईने साडी बाहेर काढली, अर्धी घडी मोडून खांद्यावर घेतली, आणि माझ्याकडे आणि दादाकडे आळीपाळीने बघायला लागली. वहिनी म्हणाली, शोभते हो आई तुम्हाला.

दादा माझ्या समोरच्या खुर्चीवर बसला. त्याने चष्मा काढला, रुमालाने पुसला. मला हे त्याचं ठाऊक आहे. वर्गात शिकवायला सुरुवात करण्याआधी तो असंच करत असणार. तो म्हणाला, "आईला आवडली होती. म्हटलं घेऊ. आणि तुलाही मला सांगायचं होतं की..."

पण माझ्या हातात तोवर पदर आला होता. कसा आला, मला सांगता येणार नाही. कापड समोर आलं की माझी बोटं आधी जातात. मी पदर उलटा केला. मागची बाजू जवळजवळ कोरी होती. सरळ बाजूने वेलीवर अंगठा फिरवला. खऱ्या ठशाच्या कामात एक ठसा संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथं केसभर तरी चूक असते, माणसाचा हात असतो तो. इथं अख्ख्या पदरात कुठेही चूक दिसत नव्हती.

"ही बागची नाही," मी म्हणाले. "जाळीवर छापलेली आहे. मागून बघ, रंग उतरलाच नाही आत. दोन धुण्यांत पांढरी पडेल. फसवलं तुला."

मी बरोबर होते. ते आजही सांगेन. आणि त्याचं वाक्य अर्धं राहिलंय हेही मला बोलताना कळत होतं. तरी मी थांबले नाही. उलट पदर त्याच्यापुढे धरून दाखवत राहिले. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले.

दादाने चष्मा लावला. "तुला कापडाखेरीज काही दिसत नाही," तो म्हणाला. पुढचं बोलला नाही.

आईने साडी खांद्यावरून काढली. घडी नीट जमत नव्हती, म्हणून भाचीने घातली. आई कुणाकडेच न बघता म्हणाली, "मला चालली असती."

नंतर आम्ही आणखी थोडं फिरलो, कारण तिकीट संध्याकाळपर्यंतचं होतं. कुलपं, चिनी मातीच्या बरण्या, भाचीसाठी केसांचा पट्टा. दादा पुढे, मी मागे. मी पाच वाजता म्हटलं की मला दोन बस बदलायच्या आहेत. आईच्या पाया पडले. दादाला म्हटलं, येते. तो म्हणाला, "हं, जपून जा."

फाटकाकडे मी हळू चालले. मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजलं. सातला थांबले नाही, पण वीसपर्यंत मोजत राहिले. मागून भोंग्यावरचं गाणं येत होतं, आणि पाण्यात पडणाऱ्या मुलांचा आवाज.

आई त्यानंतर तीन वर्षं होती. रविवारचे फोन चालू राहिले. त्या दिवसाबद्दल ती बोलली नाही, मीही नाही. मी तिच्यासाठी बागहून एक साडी निवडून ठेवली होती, मागून-पुढून सारखा लाल रंग मुरलेली. पाठवू कशी, या विचारात ती कपाटात राहिली. दादा म्हणेल तेव्हा स्वतः घेऊन जाईन असं माझ्या मनात होतं.

ती गेल्याचा फोन भाचीने केला. मी धारला गेले ते पुढच्या दाराने. त्या दिवशी पुढचं दार सगळ्यांनाच उघडं असतं, त्यात माझं काही जिंकणं नव्हतं. दादा भिंतीला टेकून बसला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि मी बायकांत जाऊन बसले.

तेराव्यानंतर मागच्या अंगणात गेले तेव्हा आईचे कपडे धुऊन घातले होते, त्यांत तारेवर ती साडी वाळत होती. वेल फिकट गुलाबी झाली होती, काळा रंग राखेसारखा. मी सांगितलं होतं तशीच. वहिनी मागून आली. म्हणाली, "दर रविवारी हीच नेसायच्या. तुमचा फोन यायच्या आधी. कितीदा म्हटलं, अहो विटली ती."

तिने ती तारेवरून काढून घडी करायला घेतली आणि विचारलं, नेता का? माझी बोटं पदराकडे गेली. मी ती मागे घेतली आणि म्हणाले, राहू दे इथंच.

पुढच्या खोलीत दादा चार माणसांशी हिशेबाचं काही बोलत होता. मी पिशवी घेतली, येते म्हटलं. त्याने मान हलवली. बाहेर पडल्यावर या खेपेला मी हळू चालले नाही. देवासची बस साडेचारची होती.