देसांकामावशीच्या घरातला पंखा

तिहोमिरबद्दल गावात काय बोलतात ते मला चांगलं माहीत आहे. माझा वर्तमानपत्रांचा आणि सिगारेटींचा ठेला त्याच्या दुकानाला चिकटून आहे, आणि पिरोतमधली निम्मी कुजबुज आधी माझ्या खिडकीशी येते, मग पुढे जाते. म्हणतात, म्हाताऱ्या वुकाशिनला तिहोमिरने मारलं. तोंडावर कोणी म्हणत नाही, नुसते बिघडलेले कॉम्प्युटर दुसऱ्याकडे नेतात. ऐकून माझं डोकं फिरतं. म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकते, पण पिरोतमध्ये कोणापाशी बोलू नका. का, ते कळेलच.

तिहोमिर साठीला टेकलेला, उंच, जरा वाकलेला माणूस. टीव्हीच्या कारखान्यात वीस वर्षं काढली, कारखाना बंद पडला तेव्हा बस स्टँडमागे हे खोपट घेतलं आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायला बसला. काम चोख, पण संथ, अगदी जीव जाईल इतका संथ. लाकडी डावाचं टोक कॉम्प्युटरच्या पेटीला लावायचं, दांडा कानाला, डोळे मिटायचे आणि ऐकत बसायचं. त्याची बायको स्तामेना म्हणते, "हा यंत्र दुरुस्त करत नाही, त्याची चौकशी करतो." मी एकदा म्हटलं, अरे, आवाज येतोय तर दाब ना तो कसातरी. तर म्हणाला, "पेर्सिदा, आवाज ही तक्रार असते. तक्रार दाबली तर ती दुसरीकडून निघते." असा माणूस.

देसांकामावशी म्हणजे आमची गणिताची मास्तरीण. अर्ध्या गावाच्या बोटांवर तिची पट्टी बसलेली आहे, माझ्याही. नवरा वुकाशिन रेल्वेतला. त्याची छाती धुराने आणि तंबाखूने खलास झाली होती, म्हणून त्या हिवाळ्यात तिने त्याची खाट स्वयंपाकघरात आणली होती, लोखंडी चुलीजवळ. कोळसा जळायचा तो तिथेच, बाकीचं घर बर्फासारखं. मुलगी यागोदा लिंझला असते, ऑस्ट्रियात. शरद ऋतूत तिने आईला नव्या प्लास्टिकच्या खिडक्या बसवून दिल्या, जुन्या फटी पडलेल्या लाकडी खिडक्यांच्या जागी. मावशी खूश होती. म्हणायची, आता घरात मुंगीच्या श्वासाएवढीही झुळूक येत नाही.

ही झुळूक, आम्ही तिला प्रोमाया म्हणतो, ती आमच्याकडे माणसं मारते. तिने मान धरते, कान जातो, मूत्रपिंडं जातात. हसू नका. मीसुद्धा ठेल्याच्या मागच्या फटीत कापड कोंबून बसते, खोटं कशाला बोलू?

दर रविवारी दुपारी यागोदा कॉम्प्युटरवर दिसायची. वुकाशिन आठवडाभर त्याचीच वाट बघायचा. पण चित्र अडकायला लागलं. मुलीचं तोंड उघडं राहायचं आणि शब्द मागून यायचे. जानेवारीत तिहोमिरने पेटी दुकानात आणली, मेमरीची नवी पट्टी घातली आणि परत नेऊन लावली. वायर तोकडी पडत होती म्हणून त्याने पेटी फिरवून ठेवली. भिंतीकडची पाठ खाटेकडे आली. एवढंच त्याने केलं, आणि ते मी मुद्दाम सांगतेय.

दुसऱ्या दिवशी फोन. मावशीचा आवाज मला माझ्या ठेल्यात ऐकू येत होता. "तू काय घातलंस रे त्यात? मेमरी घातलीस की विमान? पंखा घोंघावतोय नुसता. वुकाशिनला झोप नाही."

तो गेला. पेटी उघडली. एखादी वायर पंख्याला घासते का पाहिलं, धूळ काढली, मेमरीची पट्टी काढून पुन्हा बसवली. पंखा घोंघावतच राहिला. परत आला तेव्हा चेहरा लाल, कपाळ दाबत होता.

"मावशीने राकिया पाजली वाटतं," मी म्हटलं.

"एकच पेला. चढली बहुतेक."

"एका पेल्यात चढायला लागली? म्हातारा झालास."

दोन दिवसांनी पेटीच दुकानात घेऊन आला. मी शपथेवर सांगते, ती दिवसभर चालू होती आणि हूं की चूं केलं नाही तिने. डाव लावून पाच वेळा ऐकलं त्याने. प्रोसेसरवरचा लेप बदलला. नवी मेमरी काढली, जुनी घातली. जुनीवरही शांत, नवीवरही शांत. घरी नेली, लावली, तो निघाला तेव्हा ठीक होती. संध्याकाळच्या आत मावशीचा फोन आला की पुन्हा सुरू झालं. "चाळीस वर्षं मुलांना शिकवलं मी. दोन अधिक दोन न येणारी पोरंही तुझ्यापेक्षा बरी होती."

मी हसले. तो हसला नाही. "दुकानात गप्प आणि त्या घरात ओरडते," म्हणाला. "म्हणजे दोष पेटीत नाही, पेर्सिदा. दोष त्या घरात आहे." बाहेर धुकं इतकं खाली बसलं होतं की धुराड्यांचा धूर वर चढत नव्हता, रस्त्यातच लोळत होता. मी त्याला म्हटलं, असल्या गोष्टी बोलत जाऊ नकोस, माझ्या ठेल्यात एकटी बसते मी.

तिसऱ्या खेपेला, सकाळीच, तो न सांगता गेला. आणि तिथे सापडलं. पेटीच्या पाठीमागे, जिथून गरम हवा बाहेर येते, त्या जाळीवर जाड लोकरी नमद्याचा तुकडा घट्ट खोचलेला. पेटी कोंडली होती आणि पंखा जीव तोडून फिरत होता. तो यायचा असला की मावशी तुकडा काढून ठेवायची, माणसांसमोर बरं दिसत नाही म्हणून. पण तापलेली पेटी लगेच कुठे गार होते?

"मावशी, हे काय?"

"काय म्हणजे? तू ती पेटी अशी ठेवलीस की तिची प्रोमाया सरळ वुकाशिनच्या पायांवर येते. आजारी माणूस आहे तो. तुला अक्कल नाही, मला आहे."

तिहोमिरने नमदा काढला, लांब वायर आणली होती ती लावली, पेटीची पाठ पुन्हा भिंतीकडे केली. पंखा गप्प झाला. वुकाशिन खाटेवरून पुटपुटला की आता बरं वाटतंय. त्याचे गाल छान गुलाबी होते, आणि तिहोमिर मला नंतर म्हणाला की ते पाहून त्याला समाधान वाटलं होतं. म्हातारा सुधारतोय असं वाटलं.

दुकानात येऊन त्याने मला सगळं सांगितलं आणि आम्ही दोघंही खूप हसलो. तो नमदा त्याने माझ्या खिडकीवर टाकला. विचित्र कापलेला होता, मधून मोठा गोल काढून घेतलेला. डोकं दुखतंय म्हणून तो दुपारी लवकर घरी गेला.

घरी स्तामेना संत योवानच्या दिवसासाठी बिस्किटं करत होती. त्या दिवशी आमच्याकडे ज्यांच्या घरचा तो संत असतो, त्यांचं दार उघडं असतं आणि बोलावणं न देता माणसं येतात. तिने पीठ लाटलं होतं आणि ग्लासाने गोल कापत होती. तिहोमिर बसून बघत होता. ती म्हणाली, "त्या घरून आलास की तुझं डोकं दुखतं. तिन्ही वेळा. आज तर राकिया पण नाही घेतलीस." तो ताटातल्या उरलेल्या पिठाकडे बघत राहिला, त्यात सगळी गोल भोकं. मग उठला आणि कोट न घालता धावत सुटला.

देसांकामावशीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत चुलीला हवा मिळावी म्हणून एक गोल भोक आहे, बशीएवढं. पूर्वीच्या खिडक्यांना फटी होत्या तेव्हा ते बंद असतं तरी चाललं असतं.

तो माझ्या ठेल्यावरून असा गेला की मी कुलूप न लावता मागे धावले. उणे दहा डिग्री होतं त्या दिवशी. दार आतून बंद. आतमध्ये टीव्ही चालू, कोणीतरी जोरात हसत होतं त्यात. त्याने दार ठोकलं, हाका मारल्या, मीही मारल्या. मग त्याने अंगणातलं बर्फाचं फावडं उचललं. ती नवी काच दुहेरी असते. तीन घाव लागले.

आतून जी हवा आली ती गरम आणि जड होती. मावशी टेबलापाशी जमिनीवर पडली होती. डोळे अर्धे उघडे. तिने आमच्याकडे पाहिलं आणि ओठ हलले. मी वाकून ऐकलं. म्हणत होती, "बंद करा. झुळूक लागते त्याला."

वुकाशिन हलत नव्हता. गाल तसेच गुलाबी, लग्नातल्यासारखे. आम्ही दोघांना ओढत पडवीत आणलं, रजईत गुंडाळलं, आणि मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. तेवढ्यात मी पाहिलं, तिहोमिर नाकाला रुमाल लावून पुन्हा आत गेला. भिंतीपाशी गेला. तिथल्या त्या भोकातून बोटांनी उचकटून नमद्याची एक गोल चकती काढली आणि खिशात घातली.

डॉक्टर म्हणाला, चुलीतला वायू, गालांचा तो गुलाबी रंगही त्याचाच. अर्धा तास उशिरा आला असतात तर दोघंही गेली असती. धुराडं साफ करणारा आला तेव्हा तिहोमिरने त्याला बाजूला घेऊन काय सांगितलं कोण जाणे, पण त्याने काजळी दाखवली आणि म्हणाला, धुराडं तुंबलं होतं. भोकाला त्याने लोखंडी जाळी ठोकून दिली, काढता येणार नाही अशी. मावशीला सांगितलं की आता कायदाच तसा आहे. लिंझहून यागोदाने वायू निघाला की ओरडणारं यंत्र पाठवलं.

मावशी तीन दिवसांत घरी आली. वुकाशिन नवव्या दिवशी गेला. छाती आधीच संपलेली, त्यात तो वायू.

पण मावशीचा हिशेब वेगळा. थोडं डोकं दुखत होतं आमचं, ती सगळ्यांना सांगते, धुराडं तुंबलं तर दुखतंच. पण उणे दहामध्ये खिडकी फोडली, आजारी माणसाला पडवीत टाकलं, तिथे त्याला प्रोमाया लागली. तिहोमिरने मारलं. वुकाशिनच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तो मेणबत्ती घेऊन गेला, तर तिने फाटकाच्या आत घेतलं नाही. त्याने मेणबत्ती बाहेरच बर्फात लावली आणि परत आला. पुढच्या जानेवारीत संत योवानच्या दिवशी स्तामेनाने तीस जणांचं केलं होतं. पाच आले.

मी त्याच्यावर खवळले. "तू गप्प का बसतोस? ती चकती तुझ्या खणात आहे. नेऊन आपट तिच्या टेबलावर."

त्याने हातातला पेचकस खाली ठेवला. "आणि मग?" म्हणाला. "शहात्तर वर्षांची आहे ती. एकटी त्या खाटेकडे बघत बसते. ते भोक तिने बुजवलं म्हणूनच वायू कोंडला हे तिला कळलं तर ती कोणाला शिव्या देईल? मला देतेय तोपर्यंत उठते, बाजारात जाते, जेवते. देऊ दे."



गेल्या आठवड्यात मावशी ठेल्यावर आली. बारीक झालीय. वर्तमानपत्र घेतलं, घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. शेजारी तिहोमिरच्या दुकानाचं दार उघडं होतं.

"पेर्सिदा," ती म्हणाली, "तू होतीस तिथे. तू माझ्या हाताखाली शिकलीस, माझ्याशी खोटं बोलू नकोस. खिडकी फोडायची गरज होती का?"

तिच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते मला नको होतं. ती रागावलेली नव्हती, भ्यालेली होती. चूक आपलीच तर नव्हती, ही शंका कुठूनतरी तिच्या मनात शिरली होती, आणि ती माझ्याकडे ती बाहेर काढून टाकायला आली होती.

शेजारी पेचकसाचा आवाज थांबला.

"नव्हती, मावशी," मी म्हटलं. "दार अजून ठोकायला हवं होतं आम्ही. घाई केली त्याने."

तिने मोठा श्वास सोडला. "मला माहीतच होतं," म्हणाली, आणि वर्तमानपत्र काखेत घेऊन ताठ मानेने निघून गेली.

मी मान वळवून पाहिलं. तिहोमिर दारात उभा होता.

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि आत जाऊन कामाला लागला.