एक बुडी राहिली

कोणीही बाई समोर आली की शेजारची काकी आधी तिचा पदर धरायची, दोन बोटांत चोळायची आणि विचारायची, "हे कोनाच्या हातचं?" ख्यालीखुशाली मग. तिचे स्वतःचे हात कोपरापर्यंत लाल. कितीही घासले तरी तसेच.

बार्शीटाकळीकडची आमची रंगाऱ्यांची वस्ती अगदी चिमुकली. आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांपासून लाल रंग काढायचा, हा आमचा धंदा. आल तीन वर्षं जमिनीत राहिली तरच मुळीत रंग भरतो. वस्तीत लग्न निघालं की नवरीचं लुगडं सगळी वस्ती मिळून रंगवायची. दर घरच्या कर्त्या माणसाने रंगाच्या हांड्यात एक बुडी द्यायची. जितकी घरं, तितका रंग गडद.

मग मेला तो कापूस आला! सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव चढला. जो तो आल उपटून कापूस पेरू लागला. रंगारी गाड्या हाकायला, गासड्या बांधायला अमरावतीला गेले. शेवटी दोनच घरं उरली, आमचं आणि काकीचं.

काकीचा एकुलता मुलगाही आल उपटायला कुदळ घेऊन निघाला. आल दोनच वर्षांची होती. काकी वावरात फतकल मारून बसली. म्हणाली, ही मुळी पोरीच्या लग्नाची आहे, हात लावायचा नाही. ती पोरगी म्हणजे मी. मुलगा भडकला आणि अमरावतीला चालता झाला. त्या दिवशी काकी जेवली नाही.

पुढच्या साली माझ्या लग्नाचा हांडा चढला. वडिलांनी आमची बुडी दिली. गेलेल्या घरांच्या बुड्या काकीनेच दिल्या, एकेकाचं नाव घेत, प्रत्येकाला दोन शिव्या हासडत. आम्ही हसून हसून बेजार झालो. मग तिने लुगडं पिळायला घेतलं. आई म्हणाली, काकी, तुमच्या घरची राहिली की. मुलाच्या नावाने तुम्हीच द्या.

काकी पिळतच राहिली. "मी देल्ली म्हंजे तो गेला असं होते. थ्याची राहू दे. आला का देईन तो."

माहेरी गेले की ती माझा पदर चोळून बघायची आणि म्हणायची, "एक राह्यली." तो काही आला नाही. काकीही गेली. तिच्या वावरात आता कापूस आहे.

सणाला मी तेच लुगडं नेसते. सासरच्या बाया म्हणतात, रंग जरा फिका वाटतो, एकदा रंगवून घे. मी हो म्हणते आणि तसंच घडी घालून ठेवते.